परदेशातून कायमचं परत येताना सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणता येते का?

मूळ धागा : जुना_क्लिअरिंगवाला

माझी नोकरीची सगळी वर्षं कस्टम क्लिअरिंगमध्ये गेली. आधी बॅलार्ड इस्टेट, मग न्हावा शेवा. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीतून एक प्रश्न वरचेवर येतो. कुणाचा तरी भाऊ, भाचा, जावई अमेरिकेतून कायमचा परत येतोय, घरसामानाचा कंटेनर भरायला घेतलाय आणि त्यात त्याची रायफल टाकायची आहे. "तिकडे रीतसर घेतलेली आहे, पावती आहे, ड्युटी काय असेल ती भरू," असं सांगतात. परवा मुलुंडच्या एका कुटुंबाशी याच विषयावर बोलणं झालं. त्यांच्या मुलाकडे एआर-१५ जातीची सेमी-ऑटोमॅटिक आहे. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

ड्युटीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो. आधी दोन गोष्टी बघायच्या: बंदूक चालते कशी, आणि तिच्यात कोणतं काडतूस बसतं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडलेले आहेत. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी पूर्ण ऑटोमॅटिक बंदूक निषिद्ध. तिचा विचारच सोडा. पण त्याच पहिल्या, म्हणजे निर्बंधित वर्गात, लगेच खाली, सेमी-ऑटोमॅटिक बंदुका येतात. एकदा चाप दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप नळीत चढते, त्या या. पिस्तुलं यातून वगळलेली आहेत, म्हणून .३२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सर्वसामान्य परवान्यावर मिळतं. रायफल वगळलेली नाही. लोकांचा गोंधळ नेमका इथे होतो. शेजाऱ्याकडे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे, मग माझ्या रायफलला काय हरकत, असं त्यांना वाटतं.

काडतुसाची गोष्ट वेगळी. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास), म्हणजे सैन्याची काडतुसं जिच्यात बसतात आणि उडतात अशी रायफल साधी बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिटी ओढावी लागणारी, असली तरी निर्बंधित. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला घराघरांत असलेली .३०८ विंचेस्टर यात सापडते, कारण ७.६२ बाय ५१ चं काडतूस तिच्यात बसतं. इशापूरच्या कारखान्यात नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल बनते, त्यामागेही हेच कारण आहे. सैन्याची गोळी तिच्यात चालत नाही.

आता परवाना कोण देणार? मुंबईत सर्वसाधारण परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. निर्बंधित शस्त्राचा परवाना मात्र दिल्लीहून, केंद्रीय गृह मंत्रालयाकडून. तो कुणाला द्यायचा तेही नियमांत लिहिलेलं आहे: दहशतवादग्रस्त भागात राहणारा किंवा अतिरेक्यांच्या थेट निशाण्यावर असलेला माणूस, कामाच्या स्वरूपामुळे तसा धोका असलेला सरकारी अधिकारी, लोकप्रतिनिधी, अशांच्या घरचे. मुलुंडच्या सोसायटीत राहणाऱ्या आणि आयटीत काम करणाऱ्या माणसाने "छंद म्हणून" असं लिहून अर्ज केला तर तो कोणत्या रकान्यात बसणार?

समजा परवाना मिळालाच, तरी आयातीसाठी शस्त्र कायद्याच्या कलम १० खाली स्वतंत्र परवाना लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणात ९३ वं प्रकरण शस्त्रांचं आहे आणि बंदुका त्यात निर्बंधित. १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसासाठी बंदुका आणायची वाट सरकारने बंद केली. जुन्या विलायती बंदुका इथे अवाच्या सवा किमतीला विकल्या जातात त्या म्हणूनच.

अमेरिकेच्या बाजूचं तर कुणी विचारतच नाही. तिथूनही बंदूक कायमची बाहेर काढायला निर्यात परवाना लागतो. ९ मार्च २०२० पासून अशा नागरी बंदुकांचं काम त्यांच्या परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेलं. शिकारीला किंवा स्पर्धेला सामानातून नेण्याची सवलत आहे, पण ती परत आणण्याच्या अटीवर.

शिक्षाही वाचून ठेवा. विनापरवाना शस्त्र देशात आणलं तर तुरुंगवास आहे, आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यातल्या शिक्षा आणखी कडक केल्या. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका ३ वरून २ वर आणल्या. १९९३ नंतर या शहराने हे कायदे किती गांभीर्याने घेतलेत ते इथल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. तरुण मुलगा परत यायचा म्हणून घरात आनंद असतो. त्या आनंदात एक पेटी चुकीची आली तर पुढची काही वर्षं कोर्टात जातात. माझ्या कामाच्या काळात मी अशी कुटुंबं पाहिली आहेत, म्हणून जीव तोडून सांगतोय.

ह्यूस्टनकर

काका, माहितीबद्दल आभार. पण एक मुद्दा राहिला असं वाटतं. कस्टमच्या प्रवाशांसाठीच्या माहितीतच लिहिलंय की कायमचं राहायला येणाऱ्याला एक बंदूक आणता येते. आम्ही पुढच्या वर्षी ठाण्याला परत येतोय. माझी एआर मी इथेच विकणार, तो विषय संपला. पण एक रूगर १०/२२ आहे, .२२ ची लहान रायफल. माझ्या मुलाला श्वास कसा धरायचा, चाप कसा हळू ओढायचा, सगळं मी याच रायफलवर शिकवलं. तिचा लाकडी दस्ता त्याच्या उंचीप्रमाणे मी स्वतः कापून घासलाय. ती वर्षाहून कितीतरी जास्त काळ माझ्याकडे आहे. .२२ तर भारतात नॉन-प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी नसलेला बोअर ना?

जुना_क्लिअरिंगवाला

ह्यूस्टनकर, सवलत आहे, तुम्ही म्हणता ते खरं. पण पूर्ण वाचा. भारतात किमान एक वर्ष राहायला येणाऱ्याला नॉन-प्रोहिबिटेड बोअरची एकच बंदूक. ती तिकडे किमान एक वर्ष त्याच्या ताब्यात आणि वापरात असावी. ड्युटी भरावी लागते. इथला वैध परवाना हातात असावा लागतो. आणि ती हयातभर विकता येत नाही, उसनी देता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही.

तुमची अडचण बोअरची नाही, बंदुकीच्या चालीची आहे. १०/२२ सेमी-ऑटोमॅटिक आहे. गोळी कितीही लहान असो, अनुसूचीतल्या शब्दांत ती पहिल्या वर्गात जाते. तीच .२२ बोल्ट अ‍ॅक्शन असती तर गोष्ट वेगळी होती. आणि तेव्हाही परवाना आधी लागला असता. परवाना इथल्या पत्त्यावर निघतो, चौकशी इथलं पोलीस ठाणं करतं, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र लागतं, राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन क्रमांक लागतो. ह्यूस्टनला बसून यातलं काय काय होणार? बहुतेकांची गाडी इथेच अडते. माणूस येतो तेव्हा परवाना नसतो, आणि परवाना निघेपर्यंत सामान केव्हाच सुटलेलं असतं.

तुम्ही दस्ता स्वतः घासलाय हे वाचून वाईट वाटलं. पण रायफल तिकडे एखाद्या भरवशाच्या मित्राला द्या.

फोर्टातला_वकील

मूळ लेखाशी सहमत. दोन पुरवण्या.

एक, सुटे भाग. बरेच जण म्हणतात की अख्खी बंदूक नको, नुसती नळी किंवा रिसीव्हर (बंदुकीचा मधला मुख्य सांगाडा) पार्सलने मागवू. शस्त्र कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग धरलेले आहेत, त्यामुळे तुकडे करून आणल्याने काही सुटत नाही. आवाज किंवा ज्वाला कमी करणारं उपकरण, म्हणजे सायलेन्सर, हेही त्याच पहिल्या वर्गात आहे.

दोन, विमानतळावर कुणी बंदूक घेऊन पोहोचलंच तर खरं सांगणं हाच मार्ग. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ७७ खाली सामान जाहीर करावं लागतं. निषिद्ध वस्तू खरी जाहीर केलेली असेल तर कलम ८० खाली ती कस्टमच्या ताब्यात ठेवून देश सोडताना परत घेण्याची विनंती करता येते. न सांगता ग्रीन चॅनलमधून, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या रांगेतून गेलात की हा दरवाजा बंद. मग जप्ती, दंड, खटला, आणि शस्त्र कायदा वेगळा.

स्पष्टवक्ता

मला हे सगळं अन्यायाचं वाटतं. गावठी कट्टे राजरोस फिरतात, ते विकणाऱ्याला कुणाचा परवाना लागत नाही. सरळ मार्गाने जाणाऱ्या माणसानेच दहा ठिकाणी हात जोडायचे. स्वसंरक्षणाचा हक्क दंड संहितेत होता, आज न्याय संहितेतही आहे. मग साधन का नाही? अमेरिकेत माझा मेहुणा दुकानात गेला, चौकशी झाली, रायफल घेऊन घरी आला.

फोर्टातला_वकील

स्वसंरक्षणाचा हक्क आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेत दुसरी घटनादुरुस्ती आहे, आपल्याकडे तशी तरतूद नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हा फरक स्पष्ट बोलून दाखवला. तुमची कट्ट्यांबद्दलची चीड रास्त आहे. पण त्याचा इलाज पोलिसांनी कट्टे पकडणं हा आहे.

जुना_क्लिअरिंगवाला

स्पष्टवक्ता, दादरच्या फलाटावर संध्याकाळी ७ वाजता उभे राहा आणि मग सांगा की या गर्दीत किती जणांकडे तीस गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीला लावायची गोळ्यांची पेटी) असलेलं तुम्हाला चालेल. मला चालणार नाही. परवान्याच्या कारभारात दिरंगाई आहे, ती दूर व्हायला हवी, हे मला शंभर टक्के मान्य. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफल घराघरांत नसावी या धोरणाच्या मी पूर्ण बाजूने आहे.

नेमबाजाची_आई

या चर्चेत खेळाडूंची बाजू यावी म्हणून लिहितेय. माझी मुलगी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार खेळते. सुरुवात दादरला सावरकर स्मारकाच्या रेंजवर छऱ्याच्या रायफलीने झाली, पुढे वरळीच्या रेंजवर .२२ हातात आली.

आधी एक गैरसमज दूर करते. नातेवाईक विचारतात, "तुमच्या मुलीला बाहेरून सेमी-ऑटोमॅटिक मागवायला परवानगी मिळते का?" तिला ती लागतच नाही. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात प्रत्येक गोळी हाताने एकेक भरायची असते. पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं ते असंच. सेमी-ऑटोमॅटिक लागते ती २५ मीटर पिस्तूलवाल्यांना. रॅपिड फायरमध्ये तर ४ सेकंदांत ५ गोळ्या सोडायच्या असतात.

आमच्या मार्गालाही पायऱ्या आहेत. परवान्यासाठी क्लबचं किमान दोन वर्षांचं सक्रिय सभासदत्व दाखवावं लागतं. परदेशी रायफल आणायची तर राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला किमान स्कोअर करून नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळवायचा, मग राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीवर आयातीची परवानगी. २०२० च्या फेब्रुवारीत गृह मंत्रालयाने खेळाडूंना बंदुकांची आणि काडतुसांची मर्यादा वाढवून दिली. आंतरराष्ट्रीय पदक विजेत्याला आता १२ पर्यंत जादा बंदुका ठेवता येतात. सरावाला हजारो गोळ्या लागतात, जुन्या मर्यादेत मुलांचे हाल होत होते. ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे.

पण कागदांचं काय होतं ते सांगते. मुलीची रायफल जर्मनीहून आली. कार्गोच्या शेडमध्ये काळी पेटी उघडली, फोममध्ये नळी, अ‍ॅक्शन, गालाचा टेकू, खांद्याचा हूक, सगळे भाग आपापल्या खाचेत. अधिकाऱ्याने बोल्ट काढायला लावला, टॉर्च मारून अ‍ॅक्शनवर कोरलेला क्रमांक वाचला आणि परवानगीच्या कागदाशी ताडला. कागदावर शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडलेला होता. टंकलेखनाची चूक, आमची नव्हती, पण क्रमांक जुळेना म्हणजे ती रायफल आमची नाही! दुरुस्तीचा कागद येईपर्यंत पेटी तिथेच. राज्य स्पर्धा मुलीने क्लबच्या जुन्या रायफलवर दिली. त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही, त्याने नियमाप्रमाणेच केलं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची कारकीर्द अशा एका अक्षरावर अडू नये. खेळाडूंसाठी एकच खिडकी हवी, ही आम्हा पालकांची मागणी आहे.

ह्यूस्टनकर, तुमच्या मुलाला नेमबाजी आवडत असेल तर इथे आल्यावर १० मीटर एअर रायफलने सुरू करा. .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या छऱ्याच्या रायफलीला परवाना लागत नाही. पनवेलला सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आहे. तुमच्याकडून श्वास धरायला शिकलाय ना, मग अर्धं काम झालंय.

सड्यावरचा

मी राहतो वसईला, बाग रत्नागिरीकडे. वानर आणि डुकरांनी यंदा काही ठेवलं नाही. आमच्याकडे शेतीसंरक्षणाचे परवाने असतात, पण ठासणीच्या बंदुकीचे. एक बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत कळप पसार. शेतकऱ्याला चांगली परदेशी बंदूक का मिळू नये?

जुना_क्लिअरिंगवाला

सड्यावरचा, तुमचं दुखणं खरं आहे. कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय मुद्दाम सोपी ठेवली आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावर मारायला वन खात्याची परवानगी लागते, मग हातात कोणतीही बंदूक असो. आयात केलेल्या रायफलने हा प्रश्न सुटणार नाही. भरपाई आणि कुंपणाचा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन.

बोरिवलीकर

वन्यजीव कायद्याचा विषय निघालाच आहे तर मुंबई-ठाण्याच्या लोकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी नोंदणी करायची असते. हे कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. नकाशावर संजय गांधी उद्यानाच्या कडेपासून १० किलोमीटर मोजा. बोरिवली, कांदिवली, मुलुंड, भांडुप, ठाणे, सगळं आत येतं. वर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे. म्हणजे मूळ लेखातलं मुलुंडचं कुटुंब आणि ह्यूस्टनकर, दोघंही या वर्तुळात.

जुना_क्लिअरिंगवाला

बोरिवलीकर, फार मोलाची भर. परवान्याच्या अर्जाआधी ही संमती विचारात घ्या असं मी आता प्रत्येकाला सांगणार.

ह्यूस्टनकर

सगळ्यांचे आभार. १०/२२ इथल्या मित्राला रीतसर देतोय, मुलाशी बोललो, त्याला पटलं. नेमबाजाची आई, ताई, अकादमीची माहिती जपून ठेवली आहे. शेवटचा प्रश्न: बंदूक येणार नाही हे नक्की, पण तिचं बाकी सामान कंटेनरमध्ये टाकू का? कानाचे मफ, साफसफाईचा संच, मॅगझिनं?

जुना_क्लिअरिंगवाला

मफ आणि चष्मे बिनधास्त टाका. मॅगझिन नको, वर वकिलांनी भागांबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा. बंदुकीचं तेल आणि सॉल्व्हंटही तिकडेच टाकून द्या, ज्वालाग्राही माल म्हणून शिपिंगवाले वेगळी कटकट करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुटी काडतुसं. विमानतळावर बॅगेच्या अस्तरात एखादं जिवंत काडतूस सापडलं म्हणून किती जणांवर गुन्हे दाखल होतात. काडतूस आहे हे माणसाला माहीतच नव्हतं, म्हणजे जाणीवपूर्वक ताबा नव्हता, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी अशा बऱ्याच केसेस रद्द केल्या आहेत. पण तोपर्यंत विमान चुकलेलं असतं, नोकरीच्या ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात आणि वकिलाची फी सुरू झालेली असते. .२२ ची गोळी बोटाच्या पेराएवढी, कुठेही घरंगळते. पॅकर्स यायच्या आधी तुम्ही स्वतः रेंजवर नेता ती बॅग उलटी करून झटका, शिकारीच्या जॅकेटचे आतले खिसे बघा, गाडीचा ग्लव्ह बॉक्स बघा, गॅरेजमधली हत्यारांची पेटी कप्पा न कप्पा रिकामी करा. मुलाचं शाळेचं जुनं दप्तर कधी रेंजवर नेलं असेल तर तेही.